बारा बाय चारचा गांडूळ खत बेड: अडीच वर्षांच्या वापरानंतर

ऑक्टोबर २०२२ मध्ये मी तालुक्याच्या गावातील एका कृषी सेवा केंद्रातून १२ फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूट उंच असा एचडीपीई या प्लॅस्टिकच्या कापडाचा गांडूळ खत बेड १,८५० रुपयांना घेतला आणि तेव्हापासून त्यातून दहा वेळा खत काढले. एवढ्या काळात कापड, शिलाई, जाळी आणि निघणारे खत या सगळ्यांची पुरेशी परीक्षा झाली आहे, म्हणून आता लिहितो आहे. बेड घ्यावा का, असे विचारणाऱ्यांना मी जे सांगतो तेच येथे सविस्तर मांडतो: घरी दोन-तीन जनावरे असतील, सावलीची जागा असेल आणि रोज दहा मिनिटे लक्ष देणारे माणूस असेल, तर या वस्तूत घातलेल्या पैशांचे चीज होते; मात्र तिच्यावर उसाचे खत भागेल या अपेक्षेने ती घेऊ नये.

आमची तीन एकर जमीन कराड तालुक्यात कृष्णाकाठी आहे. काळी, भारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. दोन एकरांत ऊस, अर्ध्या एकरात वांगी, टोमॅटो, मिरची असा भाजीपाला आणि उरलेल्या जागेत गोठा, वैरण व थोडी फळझाडे आहेत. गोठ्यातील दोन गाई आणि एका म्हशीचे मिळून रोज तीस-पस्तीस किलो शेण निघते, शिवाय गव्हाणीतली उष्टावळ, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या हिरव्या पाल्याचे, तुकडे आणि भाजीचा पाला असतोच. हे सगळे आजोबांच्या काळापासून गोठ्यामागच्या उकिरड्यावर पडत आले. उकिरडा वर्षभर उघडा असतो. उन्हाळ्यात तो वाळून कोरडा ठणठणीत होतो आणि पावसाळ्यात त्यातून चहाच्या रंगाचे पाणी ओघळून ओढ्याला मिळते. त्या पाण्याबरोबर खतातील विरघळणारा नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) वाहून जातो, म्हणजे जनावरांना वर्षभर घातलेल्या वैरणीतला सत्त्वांश आपल्याच डोळ्यांदेखत शेताबाहेर जातो. उन्हाळ्याच्या अखेरीस उकिरडा उकरला की वरचा थर न कुजलेला, खालचा थर चिकट आणि उग्र वासाचा, आणि मधल्या थरात पिकाची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या, असा माल हाती येत असे. तोच शेतात टाकायचा आणि मग उसाच्या मुळांशी हुमणी शोधत बसायचे, हे आमच्या भागातील दुखणे नवे नाही. बेड घेण्यामागे खताच्या हौसेपेक्षा हे नुकसान थांबवण्याची इच्छा अधिक होती.

बेड म्हणजे विणलेल्या, लॅमिनेशन केलेल्या जाड कापडाची वरून उघडी पेटी. बाजूंना उभे खिसे शिवलेले असतात, त्यांत बांबू घालून ती उभी करायची. हवा खेळण्यासाठी बाजूंना जाळीच्या खिडक्या असतात आणि एका टोकाला तळाशी पाणी निघून जाण्यासाठी तोंड ठेवलेले असते. बांबू बेडबरोबर मिळत नाहीत, ते आपले आपण आणावे लागतात. दोन माणसांनी हात लावला तर उभारणी तासाभरात होते. जागा मात्र आधी नीट करावी लागते: दगड-काटे वेचून, धुम्मस करून, तोंडाच्या बाजूला दोन-तीन इंच उतार द्यावा लागतो. पहिल्या वेळी मी उतार दिला नव्हता, त्यामुळे मधोमध पाणी साचले, तळाचा थर आंबला आणि गांडुळे वर येऊन जाळीच्या खिडक्यांना चिकटून बसली. बेड रिकामा करून पुन्हा लावण्यात एक पूर्ण दिवस गेला.

कापडाच्या दर्जाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण विकत घेताना फसगत होते ती येथेच. या बेडसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५९०७:२०१०. पण बाजारात मानकाचा उल्लेख असलेले आणि नसलेले असे दोन्ही बेड शेजारीशेजारी ठेवलेले असतात आणि दुकानदार दोन्हींची सारखीच शिफारस करतो. कापडाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम या हिशेबात सांगतात. माझ्या बेडच्या पिशवीवर ४०० जीएसएम असे छापलेले होते. सहा महिन्यांनी पहिला जाड बांबू खिसा फाडून बाहेर आला तेव्हा संशय आला, आणि पुढच्या वेळी बेड रिकामा केल्यावर तो धुऊन, वाळवून तराजूवर ठेवला. हिशेब अगदी सोपा आहे. तळ १२ गुणिले ४, म्हणजे ४८ चौरस फूट. चारही भिंती मिळून ६४ चौरस फूट. एकूण ११२ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०.४ चौरस मीटर. कापड खरोखर ४०० जीएसएमचे असेल तर बेडचे वजन निदान ४.१ किलो भरले पाहिजे, आणि खिशांचे कापड धरले तर त्याहूनही जास्त. माझा बेड २.९ किलोचा भरला. म्हणजे छापील आकडा आणि प्रत्यक्ष कापड यांत मोठी तफावत होती. दुकानदाराला दाखवले तेव्हा त्याने कंपनीकडे बोट दाखवले आणि कंपनीचा फोन कोणी उचलला नाही. खरेदीच्या वेळीच बेड काट्यावर ठेवून पाहायला दोन मिनिटे लागतात आणि कोणताही प्रामाणिक दुकानदार त्याला हरकत घेणार नाही.

गांडुळांच्या खरेदीतही असाच एक धडा मिळाला. आयसेनिया फेटिडा या जातीची गांडुळे मी ३०० रुपये किलो दराने तीन किलो घेतली. ती गांडुळे पिशवीत शेणकाल्यासह येतात, हे ठीकच आहे, कारण त्याशिवाय ती वाहतुकीत जगणार नाहीत; परंतु वजन शेणकाल्यासह धरले जाते हे मला कोणी सांगितले नव्हते. घरी ताडपत्रीवर काला पसरून उन्हाच्या तिरिपेत धरला, तेव्हा उजेडाला भिऊन खाली गोळा झालेली गांडुळे वेगळी करून मोजली. ती जेमतेम सव्वा किलो निघाली. एका किलोत साधारण हजारभर मोठी गांडुळे बसतात, म्हणजे तीन हजारांच्या जागी मला बाराशे-तेराशे मिळाली. ज्याच्याकडे बेड चांगला चालू आहे अशा शेजारच्या शेतकऱ्याकडून तयार होत आलेल्या खताच्या दोन पाट्या आणल्या तर गांडुळे, त्यांची पिल्ले आणि अंडी तिन्ही एकदम मिळतात, आणि गावात असा माणूस हल्ली बहुधा सापडतोच. ओळखीत कोणी पैसेही घेत नाही.

आता पहिल्या वेळेची मोठी चूक. बेडबरोबर एक छापील माहितीपत्रक आले होते, त्यात ताजे शेण भरले तरी चालते असे लिहिले होते. मी तळाला नारळाच्या शेंड्या आणि तुराट्यांचा थर दिला, त्यावर चार-पाच दिवसांचे शेण आणि पाला दीड फुटापर्यंत भरला, पाणी मारले आणि संध्याकाळी गांडुळे सोडली. आई गोठ्यातून येऊन पाहत होती. तिने मनगटापर्यंत हात आत घातला, लगेच बाहेर काढला आणि म्हणाली, “अरे, शेण तापलंय अजून. जीव सोडू नकोस त्यात.” मी माहितीपत्रकावर विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी गोणपाट उचलून पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक गांडुळे कडेला मरून पडली होती आणि उरलेली खिडक्यांच्या जाळीतून बाहेर निघायच्या धडपडीत होती.

कारण साधे आहे. ताज्या शेणाचा आणि ओल्या पाल्याचा ढीग कुजायला लागला की जिवाणूंच्या कामाने तो तापतो. ढीग मोठा असेल तर आतले तापमान ५५ ते ६० अंशांच्याही पुढे जाते. आयसेनिया २० ते ३० अंशांत सुखाने राहते आणि ३५ अंशांच्या वर तिचा टिकाव लागत नाही. शिवाय ताज्या शेणातून सुटणारा अमोनिया तिला सहन होत नाही. म्हणून आधी ढिगाचा ताप उतरू द्यायचा आणि मगच गांडुळे सोडायची, हा या कामातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. आता मी शेण, उष्टावळ आणि कुट्टी केलेला पाला यांचा कमरेएवढा ढीग लावतो, तो ओला ठेवतो, दर सात-आठ दिवसांनी खोऱ्याने उलटापालटा करतो आणि तीन-चार आठवडे तसाच ठेवतो. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने काढलेले वेस्ट डिकंपोझर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचे विरजण, मी ढिगावर शिंपडून पाहिले आहे. २० रुपयांची बाटली, २०० लिटर पाणी आणि २ किलो गूळ एवढाच त्याचा खर्च. ते वापरायला हरकत नाही, पण माझ्या अनुभवात ढीग वेळेवर उलटणे आणि ओल टिकवणे यांचा परिणाम त्याहून ठळक दिसतो. थर लावून, ओलावा राखून, वेळोवेळी उलटून कचरा कुजवण्याची ही रीत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत बसवली, म्हणूनच तिला इंदूर पद्धत म्हणतात. गांडुळे त्यानंतरची पायरी आहेत, आणि पहिली पायरी गाळली तर दुसरी उभी राहत नाही.

या तापलेल्या तीन आठवड्यांचा आणखी एक मोठा फायदा आहे, ज्याबद्दल विक्रेते बोलत नाहीत. गांडूळ खताचा बेड स्वतः तापत नाही, म्हणून त्यात तणांचे बी मरत नाही. ढिगाच्या आतल्या उष्णतेने ते बहुतांशी मरते, पण त्यासाठी ढीग उलटून बाहेरचा भाग आत गेला पाहिजे. दुसऱ्या वेळी मी ढीग एकदाच उलटला होता, आणि ते खत वांग्याच्या वाफ्यांत टाकल्यावर घोळ आणि माठ इतका दाट उगवला की खुरपणीच्या मजुरीत खताचा फायदा गेला. गाजर गवतही ढिगात घालता येते, पण फुलावर येण्याआधीच उपटलेले. एकदा पांढरी फुले दिसली की ते ढिगाच्या जवळही आणू नये.

ढिगाचा ताप उतरला की नाही हे पाहण्यासाठी मी थर्मामीटर आणला होता, पण घरात आजही आईचीच कसोटी चालते. हात कोपरापर्यंत घालून शंभरपर्यंत आकडे मोजायचे. चटका न बसता हात आत राहिला, बाहेर काढल्यावर त्याला शेणाचा वास न येता पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास आला, तर माल बेडात भरायला तयार झाला. ओलाव्याची परीक्षाही हातानेच होते: मूठभर माल घट्ट दाबला की बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण थेंब पडू नये. थेंब पडला तर पाणी जास्त झाले, आणि मूठ उघडल्यावर माल भुरभुर सुटला तर कमी पडले.

एका वेळी बेडात दीड फुटापर्यंत सुमारे बाराशे किलो अर्धवट कुजलेला माल मावतो. हिवाळ्यात दिवसाआड आणि उन्हाळ्यात रोज दोन वेळा झारीने पाणी मारले, वर गोणपाट ठेवले आणि शेडनेटखाली वाढ्यांचे छप्पर केले, तर साठ ते पंचाहत्तर दिवसांत खत तयार होते. पाणी बंद करून चार-पाच दिवसांनी वरचा थर सैल करून त्याचे छोटे शंकू केले की गांडुळे ओलीच्या शोधात खाली जातात आणि वरचे कोरडे, दाणेदार खत हाताने ओढून घेता येते. चाळल्यावर पाचशे ते साडेपाचशे किलो भरते. ते काळसर तपकिरी, चहाच्या भुकटीसारखे आणि हाताला न चिकटणारे असते. चाळताना त्यात ज्वारीच्या दाण्याहून लहान, लिंबाच्या आकाराचे, पिवळट ते तपकिरी मणी दिसतात. ती गांडुळांची अंडी. पहिल्या दोन-तीन वेळा मी ती खताबरोबर शेतात टाकून दिली आणि मग बेडात गांडुळे का वाढत नाहीत म्हणून विचार करत बसलो. आता खालच्या थरातल्या तीन-चार पाट्या न चाळताच पुढच्या भरणीत घालतो, त्यामुळे नवीन गांडुळे विकत आणावी लागत नाहीत.

बेडात कधीकधी इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्याही सापडतात आणि आमच्याकडे त्या दिसल्या की सगळ्यांनाच हुमणी आठवते. त्या अळीला सपाट फरशीवर ठेवून पाहावे. काही अळ्या उताण्या होऊन पाठीवर सरकत जातात. त्या कुजलेल्या पाल्यावर जगणाऱ्या दुसऱ्या भुंगेऱ्याच्या असतात आणि खताचे किंवा पिकाचे नुकसान करत नाहीत. कुशीवर पडून राहणारी किंवा पायांनी चालू पाहणारी अळी मात्र मी शंका न ठेवता वेचून काढतो. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे बाहेर पडतात, त्या दिवसांत बेडवर बारीक जाळी टाकली तर हा त्रास फारच कमी होतो. उघड्या उकिरड्याला असे झाकता येत नाही, बेडला येते, आणि हुमणीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी माझ्या मते हा बेडचा सर्वांत मोठा गुण आहे.

इतर त्रासांपैकी मुंग्यांसाठी बेडभोवती पाण्याची चर आणि घुशीसाठी तळाशी विटांचा थर, हे दोन उपाय पुरेसे ठरले. कोंबड्या गोणपाट उकरतात, म्हणून कडेने जाळी लावावी लागली. कोंबडीखत बेडात घालू नये, आणि जनावरांना जंताचे औषध पाजल्यानंतर दोन आठवडे त्यांचे शेणही मी वेगळेच टाकतो.

बेडच्या तोंडातून निघणाऱ्या पाण्याला सर्रास व्हर्मीवॉश म्हणतात आणि विक्रेते तो बेडचा दुसरा नफा म्हणून सांगतात. येथे माझे मत वेगळे आहे. तोंडातून पाणी सतत ओघळत असेल तर आपण गरजेपेक्षा जास्त पाणी मारतो आहोत आणि खतातले विरघळणारे अन्न धुऊन काढतो आहोत, असाच त्याचा अर्थ होतो. मी तोंडाखाली बादली ठेवतो, पण तिच्यात जे जमते ते पुन्हा बेडवर ओततो. रोपवाटिकेतील रोपांना दहापट पाणी घालून ते दिले आहे आणि रोपांची तजेलदार वाढ दिसली आहे. मात्र कोथिंबीर, मुळ्याचा पाला अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर ते फवारू नये, कारण त्यात शेणातले जंतू असू शकतात.

आता खताच्या उपयोगाबद्दल, आणि येथे आकड्यांशी प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळ खतात निदान १ टक्का नत्र, ०.८ टक्का स्फुरद (फॉस्फरस), ०.८ टक्का पालाश आणि १८ टक्के सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पदार्थांतला कार्बन, असावा लागतो. म्हणजे एक टन खतातून दहा-बारा किलो नत्र मिळते. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असते. सुरू, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस लावलेल्या, उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, एकरी सुमारे १०० किलो. माझ्या एका बेडमधून वर्षभरात चार वेळा मिळून दोन-सव्वादोन टन खत निघते. ते सगळे एका एकर उसात ओतले तरी पंचवीस किलोच्या आसपास नत्र जाते, आणि तेही सावकाश उपलब्ध होणारे. मी हे करून पाहिले आहे. अर्धा एकर लागणीच्या सरीत ५०० किलो खत दिले, शेजारच्या अर्ध्या एकरात दिले नाही, बाकी सगळे सारखे ठेवले. डोळ्यांना फरक दिसला नाही आणि तोडणीनंतर वजनातही दिसला नाही. जे विक्रेते एका बेडवर एकरभर उसाची रासायनिक खते बंद करायला सांगतात, त्यांचे ऐकून कोणी आपला ऊस पिवळा पाडून घेऊ नये.

उसासाठी सेंद्रिय पदार्थ हवाच आहे, पण त्याचा साठा उसातच आहे. एका हेक्टरात तोडणीनंतर आठ ते दहा टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, राहते. ते पेटवून दिले की त्यातला नत्र आणि कर्ब धुरावाटे जातो आणि हाती उरते ती राख. तेच खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, सरीत पसरून, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकून ओल दिली, तर चार-पाच महिन्यांत ते जागच्या जागी कुजते, तण दबते आणि पाण्याच्या पाळ्याही वाचतात. हे पाचट बेडात घालण्याचा प्रयत्न मी दोनदा केला. लांब पाते गुंडाळून राहते, गांडुळे त्याला तोंड लावत नाहीत, आणि त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर शंभराच्या आसपास असल्यामुळे शेणाशिवाय ते कुजायला फार काळ घेते. कुट्टी करून, शेणात मिसळून, एकूण मालाच्या पाव हिश्शापर्यंत घातले तर चालते. पण चार टन पाचट वाहून आणून बाराशे किलोच्या बेडात कुजवण्याचा आटापिटा करण्यापेक्षा ते शेतात ठेवणे कितीतरी शहाणपणाचे आहे.

बेडमधल्या खताची खरी जागा भाजीपाला, रोपवाटिका आणि फळझाडे ही आहे. अर्ध्या एकर भाजीपाल्याला दोन वर्षे मिळून चार टन खत गेले. तेथील मातीचे परीक्षण बेड घेण्याआधी केले होते तेव्हा सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के होता, यंदा ०.५६ आला. एवढ्या फरकावरून मी मोठा निष्कर्ष काढणार नाही, कारण नमुना कोठून घेतला यानेही इतका फरक पडू शकतो. शिवाय हिशेब मांडला तर कर्ब वाढवणे किती सावकाशीचे काम आहे हे लक्षात येते: एका एकरात वरच्या अर्ध्या फुटात सुमारे नऊ लाख किलो माती असते, तिच्यात ०.१ टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे ९०० किलो निव्वळ कर्ब टिकून राहायला हवा, आणि १८ टक्के कर्बाच्या खताचे त्यासाठी पाच टन लागतील, तेही त्यातले काहीच हवेत गेले नाही असे धरले तर. प्रत्यक्षात बराचसा जातोच. परंतु मातीचा पोत बदलला आहे हे मी खात्रीने सांगू शकतो. पूर्वी पाणी दिल्यावर वाफ्यावर पापुद्रा धरायचा आणि वांग्याच्या बुंध्याशी बोट शिरत नसे. आता खुरपे सहज जाते, ढेकूळ मुठीत फुटते आणि हिवाळ्यात पाण्याची पाळी एक दिवस पुढे ढकलता येते. भाजीपाल्याची रासायनिक खते मी एक तृतीयांशाने कमी केली आहेत, बंद केलेली नाहीत, आणि उत्पन्न घटलेले नाही.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. बेडातली आयसेनिया शेतात सोडली की ती जमीन नांगरत राहील, असे अनेकांना वाटते आणि त्यासाठी ते किलो-किलो गांडुळे विकत घेऊन सरीत टाकतात. ही जात पृष्ठभागावरच्या कुजणाऱ्या पदार्थात राहणारी आहे, मातीत खोल बिळे करणारी नाही. उघड्या शेतात ती फार टिकत नाही. जमीन भुसभुशीत करण्याचे काम आपल्या मातीतलीच लॅम्पिटो मॉरिटीसारखी गांडुळे करतात, आणि ती विकत आणावी लागत नाहीत. आच्छादन आणि ओल असली, पाचट पेटवणे थांबले, की ती आपोआप दिसू लागतात. खोडव्यात पाचट ठेवल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात सरीत त्यांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांचे ढीग मी स्वतः पाहिले आहेत.

किमतीचा विचार केला तर आमच्याकडे तयार गांडूळ खत किलोला आठ ते दहा रुपयांनी विकले जाते, म्हणजे बेडची किंमत पहिल्याच चांगल्या वेळेत निघते. मात्र शेडनेट, बांबू आणि गांडुळे धरून माझा सुरुवातीचा खर्च साडेसहा हजारांवर गेला होता. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ९६ घनफुटांच्या, आयएस १५९०७:२०१० नुसार असलेल्या बेडसाठी १६,००० रुपये खर्च धरून ५० टक्के साहाय्याची तरतूद होती. अशा योजनांसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी लागते. मी आधी खरेदी केली, त्यामुळे तो लाभ मला घेता आला नाही. ज्यांच्याकडे जनावरे नाहीत, पण काडीकचरा भरपूर आहे, त्यांनी बेडऐवजी पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या नाडेप टाकीचा विचार करावा. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाकीला दीड टन काडीकचऱ्यामागे शंभर किलोच शेण लागते, रोज पाणी मारायची गरज नसते आणि तीन-चार महिन्यांत खत होते. शेणाची कमतरता असलेल्या घराला गांडुळांच्या बेडपेक्षा ती टाकी अधिक सोयीची आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर माझ्या बेडची उन्हाकडची वरची कड ठिसूळ झाली. बोटाने चोळली की पांढरी भुकटी पडते. चार खिशांची शिलाई दाभणाने आणि नायलॉनच्या दोऱ्याने पुन्हा घालावी लागली, दोन खिडक्यांच्या जाळ्या बदलल्या. तळ मात्र अजून शाबूत आहे. जानेवारी २०२५ मध्ये मी दुसरा बेड घेतला, दुसऱ्या दुकानातून, २,६०० रुपयांना. घेण्याआधी काट्यावर ठेवायला सांगितला, तेव्हा दुकानदार म्हणाला, “काका, बेड वजनावर मागणारे तुम्ही पहिलेच.” तो ४.६ किलो भरला. दोन्ही बेड शेजारीशेजारी लावले आहेत, नव्याच्या कडेला जुन्या गोणपाटाची गोट शिवून घेतली आहे, आणि तीन आठवडे कुजलेला माल ताप पूर्ण उतरेपर्यंत ठेवण्यापुरताच जुना वापरतो.